द्राक्षवेल आणि दख्खनचें आकाश



माघ-फाल्गुनाच्या सुमारास शहरांतील प्रत्येक फळवाल्याच्या गाडीवर द्राक्षांच्या राशी दिसूं लागतात. घरांतील मुलें त्यांवर तुटून पडतात, गृहिणी भाव विचारतात, आणि किलोमागें दहा रुपये अधिक सांगितले तर पुढच्या गाडीकडे वळतात. ह्यांत कोणाचा दोष नाहीं. फळ बाजारांत आलें म्हणजे तें केवळ फळ असतें. त्याच्या मागचे बारा महिने कांहीं त्याच्याबरोबर गाडीवर येत नाहींत. आज मला त्या बारा महिन्यांविषयीं थोडें बोलावयाचें आहे. ज्या जिल्ह्यास आपण कालपरवांपर्यंत अहमदनगर म्हणत होतों व २०२४ सालीं ज्याचें नांव अहिल्यानगर झालें, त्या आमच्या जिल्ह्यांत द्राक्षाची वेल ऊन, पाऊस, थंडी आणि गारा यांच्याशीं कसा संसार करिते, आणि तो संसार अलीकडे कां विसकटूं लागला आहे, हा माझा विषय.

मी शेतकीचा पदवीधर नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर खेड्यांतल्या शाळांतून मुलांना भूगोल आणि गणित शिकविलें, एवढाच माझा अधिकार. परंतु संगमनेर, राहाता आणि श्रीगोंदें या तालुक्यांत नोकरी झाल्यामुळें बागाईतदारांचीं मुलें वर्षानुवर्षें माझ्यापुढें बसत आलीं, आणि त्यांच्या घरच्या ओसरीवर जें ऐकलें व पाहिलें त्याची शिदोरी माझ्यापाशीं आहे.

भूगोलाच्या जुन्या पुस्तकांत एक वाक्य ठरलेलें असे : द्राक्ष हें समशीतोष्ण कटिबंधांतील फळ होय. नकाशावर तीस आणि पन्नास या अक्षांशांच्या मध्यें उत्तरेस एक व दक्षिणेस एक असे दोन पट्टे रंगविले कीं फ्रान्स, इटली, स्पेन, कॅलिफोर्निया, चिली, अर्जेंटिना, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया असे द्राक्षांचे सारे प्रसिद्ध देश बहुधा त्यांत सांपडतात. आमचें नगर एकोणिसाव्या अक्षांशावर. मग वर्गांतला एखादा चौकस मुलगा उठून विचारी, "गुरुजी, पुस्तकांत असं आहे, तर आमच्या मळ्यांतली द्राक्षं कशी?" ह्या प्रश्नाचें उत्तर एका तासांत देतां येत नसे, म्हणून मी त्याला मळ्यांतच घेऊन जात असें.

थंड देशांतील द्राक्षवेल हिवाळ्यांत झोपी जाते. कार्तिकाच्या सुमारास तिचीं पानें गळतात, काड्या वाळल्यासारख्या दिसतात, वरून बर्फ पडतें. आणि चैत्र उजाडला कीं ती आपण होऊन जागी होते. तेथें हंगाम निसर्ग ठरवितो. आमच्याकडे थंडी पडते खरी, पण वेलीला झोप लागावी इतकी नव्हे. मोकळी सोडली तर ती बाराही महिने पाला वाढवीत बसेल आणि फळ मन मानेल तेव्हां धरील. चौदाव्या शतकांत इब्न बतूता नांवाचा मोरोक्कोचा प्रवासी आमच्या शेजारच्या दौलताबादेस आला होता. येथें द्राक्षें आणि डाळिंबें वर्षांतून दोन वेळां येतात, असें त्यानें नवलानें लिहून ठेविलें आहे. त्याला जें नवल वाटलें तेंच दख्खनच्या द्राक्षाचें मर्म आहे. वेल झोपत नाहीं, म्हणून तिला हंगाम माणसानें लावून द्यावा लागतो. आजचा बागाईतदार वर्षांतून दोनदां कात्री चालवितो. एप्रिलमध्यें सारा विस्तार उतरवून टाकतो, तिला खरड छाटणी म्हणतात. मग पावसाळाभर नव्या काड्या तयार होऊं देतो. आणि ऑक्टोबरच्या आगेंमागें दुसरी, गोडी छाटणी करितो. ह्या दुसऱ्या छाटणीनंतर डोळ्यांना औषध चोळून त्यांना एकदम जागें करावें लागतें. मग तीनसाडेतीन आठवड्यांत नवी फूट आणि तिच्यावर चिमुकले घड, आणि एकंदर चार ते साडेचार महिन्यांत तयार माल. निसर्गानें जो शिशिर दिला नाहीं तो माणसानें कात्रीनें निर्माण केला. युरोपांत हंगाम ऋतूच्या पावलांनीं येतो, आमच्याकडे तो मालकाच्या तोंडच्या शब्दानें येतो. आणि जेथें तारीख माणसानें ठरवावयाची तेथें ती चुकल्याचा बोलही माणसाच्याच माथीं येतो, हें ह्या धंद्यांतलें दुःख आहे.

आतां हें फळ याच प्रदेशांत कां रुजलें, तें पाहूं. जिल्ह्याचें पश्चिम टोक म्हणजे अकोलें तालुका. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर, तेथेंच आहे. तेथील घाटघर, रतनवाडीकडे पावसाळ्यांत कित्येक हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून सत्तर-ऐंशी किलोमीटर पूर्वेस संगमनेरास यावें, तों त्या पावसाचा दशांश उरला तरी नशीब. सह्याद्रीनें ढग अडविले, आम्हांस सांवली दिली. ह्या पर्जन्यछायेस आम्ही जन्मभर शिव्या देत आलों, पण द्राक्षवेलीला तीच मानवली. तिला पायाशीं ओल आणि डोक्यावर ऊन हवें. पानांवर ओल राहिली कीं बुरशीचे रोग तिच्या मानगुटीस बसतात. डोक्यावरचें कोरडें ऊन आमच्याकडे होतेंच. पायाशीं लागणारी ओल भंडारदऱ्याच्या धरणानें १९२६ पासून प्रवरेच्या कालव्यांतून आणून दिली. श्रीगोंद्याकडे पुढें कुकडीचें पाणी आलें, आणि निळवंड्याचे कालवे तर २०२३ सालीं वाहूं लागले. कोरडें आकाश व कालव्याचें पाणी यांची अशी गांठ पडली, आणि नाशिक-निफाडकडून आलेला द्राक्षाचा नाद आमच्या तालुक्यांतही रुजला. नाशिक किंवा सांगली यांच्यापुढें आमचा जिल्हा द्राक्षाच्या बाबतींत धाकटाच. पण धाकट्यासही प्रपंच थोरल्याइतकाच करावा लागतो.

ह्या साऱ्या योजनेंतली युक्ति ध्यानांत घ्यावी. जून ते सप्टेंबर पाऊस पडतो, तेव्हां वेलीवर फळ ठेवावयाचेंच नाहीं, नुसती काडी-पानें. पाऊस सरला कीं छाटणी, आणि फळ वाढावयाचें तें कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतच्या कोरड्या महिन्यांत. मोठी शहाणपणाची मांडणी आहे. परंतु ती सबंध एकाच खांबावर उभी आहे. तो खांब म्हणजे दसऱ्याच्या सुमारास पाऊस जातो, हा भरंवसा.

एका ओसरीवरचा संवाद मला चांगला आठवतो. बापलेक सुपारी कातरीत बसले होते. मुलगा म्हणाला, "आबा, आत्तां कात्री लावली तर माल जानेवारींत निघेल. त्या वेळीं बाजारांत कोणाचा नसतो. भाव आपण म्हणूं तो." आबा म्हणाले, "अरे, अजून हस्त सरला नाहीं. चित्रा कशी जाते बघ, मग लाव." "पण पलीकडच्या तात्यांनीं पंधरा दिवसांमागंच छाटली." त्यावर आबांनीं अडकित्ता खालीं ठेविला. "तात्याचे दोन भाऊ नोकरीला आहेत. त्याचं गेलं तर तो सोसेल. आपल्याला सोसायटीचं देणं आहे." मुलगा पुढें बोलला नाहीं. माझ्या मतें द्राक्षाच्या हवामानशास्त्राचें सार या चार वाक्यांत आहे. आकाश सर्वांवर सारखेंच असतें, परंतु त्याची जोखीम ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणें लहान किंवा मोठी होते.

लवकर छाटणाऱ्यास भाव मिळतो, पण त्याची कोंवळी फूट परतीच्या पावसाच्या तोंडीं सांपडते. उशिरां छाटणाऱ्याची फूट वाचते, पण त्याचे मणी फुगण्याच्या वेळीं पौषाची थंडी आडवी येते, आणि माल निघतो तो मार्चमध्यें, जेव्हां सगळ्यांचाच निघतो व गारांचे दिवसही तेच असतात. छाटणीपासून महिनाभरानें वेल फुलोऱ्यांत येते. त्या आठ-दहा दिवसांत ढगाळ हवा आणि एखादी झड एवढें झालें तरी पुरे, केवडा येतो. शहरांतील श्रोत्यांस केवडा म्हटलें कीं सुगंधी कणीस आठवेल. हा केवडा निराळा. पानावर प्रथम तेलाच्या थेंबासारखे पिवळसर डाग पडतात, पान उलटें करावें तों खालीं पांढरी लव दिसते, आणि ती बुरशी घडांत शिरली कीं हिरवा घड दोनतीन दिवसांत तपकिरी होऊन बसतो. अशा वेळीं औषध मारण्यास बागेंत जावें, तर काळ्या जमिनींत चिखलामुळें ट्रॅक्टर रुतून बसतो. २००९ सालीं ११ नोव्हेंबरास फयान नांवाचें वादळ कोंकणच्या किनाऱ्यास लागलें, आणि त्याच्या पावसानें घाटमाथ्यावरील बागांची तीच गत केली. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत अरबी समुद्रांत लागोपाठ वादळें झालीं, तेव्हां दिवाळी होऊन गेली तरी पाऊस हटत नव्हता.

ह्या केवड्याची मूळ हकीकत मुलांना फार आवडे, म्हणून ती येथेंही सांगतों. हा रोग अमेरिकेंतून १८७८ च्या सुमारास फ्रान्सांत शिरला आणि तेथील बागा उजाड होऊं लागल्या. बोर्दो प्रांतांत रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना यांचें निळसर पाणी शिंपडण्याची चाल होती, ती एवढ्याचसाठीं, कीं वाटसरूंनीं तीं विषारी समजून द्राक्षें तोडूं नयेत. मिलार्दे नांवाच्या शास्त्रज्ञाच्या नजरेस आलें कीं त्या वेलींवर रोग नाहीं. १८८५ मध्यें त्यानें तो उपाय प्रसिद्ध केला. चोरांसाठीं केलेलें औषध बुरशीस लागू पडलें. आणि आमच्या राहात्याचा शेतकरी आजही "बोर्डो मारला" असें म्हणतो, तो त्याच गांवाचें नांव घेत असतो.

फ्रान्सच्या बागाईतदारास परतीच्या पावसाचें भय नाहीं. त्याचा वैरी वसंतांतील हिंव. वेल जागी होऊन कोंवळी फूट बाहेर आली आणि एका रात्रींत पारा शून्याखालीं उतरला कीं ती फूट काळी पडते. २०२१ च्या एप्रिलमध्यें तेथें असेंच झालें, आणि देशाच्या मोठ्या भागांतील पीक रात्रींतून गेलें. उन्हाळा लवकर सुरू झाल्यामुळें वेली लवकर जाग्या झाल्या होत्या, म्हणून हिंवाचा तडाखा अधिकच बसला. त्यांचा वैरी वसंतांत येतो, आमचा शरदांत. झडप दोघेही कोंवळ्या फुटीवरच घालतात.

थंडीचा प्रश्न आम्हांसही आहे, पण तो असा. निफाडचा प्रदेश आमच्या कोपरगांवास लागून आहे, आणि तेथें हिवाळ्यांत पारा पांच अंशांच्या खालीं जाणें नवलाचें नाहीं. वेल मरत नाहीं, पण मण्यांची वाढ थांबते. पहांटे बागेंतून शेकोट्यांचा धूर दिसतो, आणि कित्येकजण त्या वेळीं मुद्दाम विहिरीचें पाणी सोडतात, कारण भूगर्भांतील पाणी वरच्या हवेपेक्षां उबदार असतें. फ्रान्सांत शाब्ली येथें वेलींवर चक्क पाण्याचा फवारा मारून तिच्यावर बर्फाचें कवच चढवितात; पाणी गोठतांना जी उष्णता सोडतें तिच्यानें आंतली फूट वांचते. पदार्थविज्ञानाच्या तासास याहून चांगलें उदाहरण मला मिळालें नाहीं. थंडीचा आणखी एक परिणाम गृहिणींनीं लक्षांत ठेवावा. दिवसा ऊन व रात्रीं कडाका असा फरक फार पडला कीं हिरव्या जातीचे मणी गुलाबी छटेवर जातात. चवींत त्यानें फारसें बिघडत नाहीं, पण परदेशीं माल पाठविणारा व्यापारी तसल्या घडास हात लावीत नाहीं. तेव्हां गाडीवर गुलाबी झांक असलेलीं द्राक्षें स्वस्त दिसलीं तर तीं नासकीं समजूं नयेत.

आतां गारांविषयीं. पाऊस सांगून येतो, थंडी पावलांनीं येते. गारा मात्र दुपारीं चार वाजतां येतात आणि सवाचारला गेलेल्या असतात. समुद्रावरून आलेली दमट हवा तापलेल्या जमिनीवर चढते, वर उत्तरेकडील थंड कोरडा वारा तिला भेटतो, आणि ढगांत वरखालीं हेलकावे खात पाण्याच्या थेंबाची गार होते. २०१४ सालीं फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या मोठ्या भागांत पुनःपुन्हां गारपीट झाली. काढणीस आलेला माल मांडवाखालीं पडून सडला. जो रोग नव्हे, कीड नव्हे, त्याला औषध कोणतें मारावयाचें? गारेचा मार केवळ फळावर थांबत नाहीं. ती पान फाडते, मणी फोडते आणि काडीलाही जखम करिते. ती जखम पुढच्या वर्षींच्या बहरासही नडते. म्हणून गारपिटीचा हिशेब एका सालाचा नसतो.

गारांच्या दुसऱ्या दिवशीं शाळेंत हजेरी कमी असे. मुलें घरीं राहत, तीं दुखवट्यानें नव्हे, तर खालीं पडलेले घड वेंचून त्यांतले धड मणी निवडण्यासाठीं. जीं येत तीं गप्प असत. त्या दिवसांत नफातोट्याचीं उदाहरणें मीं फळ्यावर घातलीं नाहींत. क्षेत्रफळाचीं घालीत असें.

पूर्वीं निदान एवढें होतें कीं गारा पडावयाच्या त्या माघापासून वैशाखापर्यंत. २६ नोव्हेंबर २०२३ रोजीं निफाडकडे आणि आमच्या पारनेर तालुक्यांत गारा पडल्या, म्हणजे घड नुकते आकारास येत होते तेव्हां. ज्यानें मार्चच्या गारांना भिऊन लवकर छाटणी केली होती तोही त्यांतून सुटला नाहीं.

अर्जेंटिनांत मेंडोझा म्हणून द्राक्षांचा प्रसिद्ध प्रांत आहे. तोही आमच्यासारखाच पर्वताच्या पर्जन्यछायेंत, कालव्याच्या पाण्यावर जगणारा. पर्वत मात्र अँडीज. तेथें गारा इतक्या नेहमींच्या कीं कित्येक बागा जाळ्यांखालीं झांकलेल्या असतात. दक्षिण इटलींत खाण्याच्या द्राक्षांवर प्लास्टिकचें छप्पर घालतात. आमच्याकडेही असे आच्छादनाचे प्रयोग चालू आहेत, आणि जेथें आच्छादन आहे तेथें केवड्याचीं औषधें कमी लागतात. परंतु त्याचा खर्च एकरीं कांहीं लाख रुपयांच्या घरांत जातो. आबांच्या ओसरीवर तो आंकडा उच्चारला तर ते पुन्हां अडकित्ता खालीं ठेवतील.

विमा आहे, असें आपण म्हणाल. आहे खरा. हवामानावर आधारलेली फळपीक-विमा योजना सरकारनें चालविली आहे, आणि ती नसण्यापेक्षां असलेली बरी, असें माझें मत आहे. पण तिचा निवाडा महसूल मंडळांत बसविलेल्या हवामानयंत्राच्या नोंदीवर होतो. एका मंडळांत अनेक गांवें येतात. आमच्याकडचा पाऊस एका बांधावर पडतो आणि दुसऱ्या बांधावर पडत नाहीं, हें शेतकऱ्याच्या पोरास ठाऊक आहे. तें यंत्रास कसें कळावें? गारांच्या संरक्षणासाठीं तर निराळा हप्ता भरावा लागतो. ज्याची बाग यंत्रापासून दूर त्याचें दैवही यंत्रापासून दूर, असा प्रकार होतो. यंत्रें वाढवावीं, याहून दुसरा उपाय मला दिसत नाहीं.

आणखी एक संकट असें आहे, कीं जें होतांना दिसतही नाहीं. आपण फेब्रुवारींत जो घड खातो तो वेलीच्या डोळ्यांत आदल्या मे-जूनमध्येंच ठरलेला असतो. खरड छाटणीनंतर साधारण सहा ते दहा आठवड्यांच्या काळांत, नव्या काडीवरील प्रत्येक डोळ्यांत आंतल्या आंत निर्णय होतो कीं येथें घड यावयाचा कीं नुसती तांबूस बाळी, म्हणजे आधार धरणारा तंतु. ह्या निर्णयास कडक ऊन लागतें. म्हणूनच आमचा नकोसा वाटणारा वैशाखवणवा द्राक्षास आईच्या मायेचा. २०२५ सालीं मे महिन्यांतच पावसानें ठाण मांडलें, २६ मे रोजीं मान्सून मुंबईस पोहोंचला सुद्धां, आणि पुढें ऑक्टोबरपर्यंत धड उघाड अशी मिळालीच नाहीं. सप्टेंबरांत तर आमच्या जिल्ह्यासह सोलापूर, मराठवाड्याकडे महापूर आले. वेली हिरव्यागार, दृष्ट लागण्यासारख्या दिसत होत्या. गोडी छाटणी झाली, फूट आली, आणि कित्येक बागांतून घडच दिसेनात. घड जिरले, असें आमच्याकडे म्हणतात. रोग दिसला तर माणूस धांवाधांव करितो; येथें धांवावयाचें कोणाच्या मागें? सहा महिन्यांपूर्वींच्या ढगांच्या?

दुष्काळाचें आम्हांस नवल नाहीं, म्हणून त्याविषयीं थोडक्यांत सांगतों. १९७२ चा दुष्काळ मीं लहानपणीं पाहिला. २०१२-१३ मध्यें बागा टँकरच्या पाण्यावर जगवितांना पाहिलें. द्राक्षाची बाग म्हणजे ज्वारीचें शेत नव्हे, कीं यंदा नाहीं पेरलें तर पुढच्या वर्षीं पेरूं. मांडव, तारा, ठिबक यांवर कर्ज झालेलें असतें, आणि वेल मेली तर तीन वर्षें मागें जावें लागतें. म्हणून अशा वर्षीं शेतकरी फळ सोडून देतो व नुसता जीव धरून ठेवतो. गेल्या तीस वर्षांत डॉगरिज नांवाच्या अमेरिकन जंगली वेलीच्या खुंटावर आमच्या जातींचें कलम करण्याचा प्रघात पडला, त्यानें मोठा आधार झाला. तिचीं मुळें पाण्याचा ताण आणि जमिनींतील खार दोन्ही सोसतात. खाराचेंही सांगावयास हवें. प्रवरा व गोदावरी यांच्या कालव्यांखालीं ऊंसास बेसुमार पाणी देऊन आम्हीं पुष्कळ जमीन चोपण करून ठेविली आहे; तें निसर्गाचें संकट नव्हे, आमचेंच कर्तृत्व. इकडे सांगलीच्या जत, कवठेमहांकाळ भागांत कोरड्या वाऱ्यानें मात्र बेदाण्याचा धंदा उभा केला. त्या दुष्काळी हवेंत द्राक्ष सांवलींत वाळतें; पण शेडमध्यें माल असतांना मार्चचा एखादा पाऊस आला कीं सोनेरी बेदाणा काळा पडतो.

नारायणगांव आणि नाशिक येथें वाइन करण्यासाठींही द्राक्षें लावतात. त्या पेयाच्या वाटेस मी गेलेलों नाहीं, तरी त्या लोकांची एक रीत मला पटते : बाटलीवर पिकाचें साल छापलेलें असतें. ज्या वर्षीं ऊन चांगलें त्या वर्षींची वाइन चांगली, असा तेथील जाणत्यांचा हिशेब. म्हणजे त्या देशांत आकाशाची नोंद बाटलीवर होते. आमच्याकडे ती सोसायटीच्या खातेवहींत होते. २००९, २०१४, २०१९, २०२३, २०२५ हीं सालें तेथें थकबाकीच्या रकान्यांत वाचावयास मिळतील.

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतांतील बोन या गांवीं द्राक्षाची तोडणी कोणत्या दिवशीं सुरू झाली याच्या नोंदी १३५४ पासूनच्या उपलब्ध आहेत. विद्वानांनीं त्या एकत्र करून २०१९ मध्यें प्रसिद्ध केल्या, आणि असें दिसलें कीं पूर्वींच्या मानानें १९८८ पासून तोडणी सरासरीनें १३ दिवस अलीकडे आली आहे. साडेसहाशें वर्षांची वही असल्यामुळें त्यांस हें इतक्या नेमकेपणानें कळलें. आमच्या आबांचीं हस्त-चित्रा-स्वाती हीं नक्षत्रें म्हणजे तशीच एक वही होती, तोंडी ठेविलेली. तिला अडाणीपणा म्हणून हंसणारे मला आवडत नाहींत. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावसाची ती सरासरी आहे. मात्र सरासरीच हालली, तर जुनी वही नव्या सालास उपयोगी पडत नाहीं, आणि नवी वही अजून कोणी नीटशी लिहिलेली नाहीं. मांजरीचें राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र व आमचें राहुरीचें विद्यापीठ हवामानाप्रमाणें सल्ले देतात. मोबाइलवर ते मुलांना मिळतात, मुलें बापांना वाचून दाखवितात. तरीही "या गांवांत, या ओढ्याकांठीं, दसऱ्यानंतर पाऊस किती दिवस येतो" हें सांगणारें कोणी नसतें.

त्यामुळें प्रत्येकजण आपापल्या परीनें मार्ग काढीत आहे. कोणी बागेचे तीन तुकडे करून तीन निरनिराळ्या तारखांना छाटतात, कीं एक गेला तर दोन राहावेत. कोणी परतीच्या पावसाची वाट पाहत नोव्हेंबरपर्यंत थांबतात. राहात्याकडे कित्येकांनीं मांडव मोडून पेरू लावले, कोणी डाळिंबाकडे वळले, आणि ज्यांच्या शेताशीं कालवा आहे ते पुन्हां ऊंसाकडे गेले. आबांच्या मुलानें चार एकरांपैकीं दोन ठेविली आहे.

मी शेवटचीं अकरा वर्षें ज्या शाळेंत होतों तेथें आवारांत एक साधा पर्जन्यमापक बसविला होता. सातवींतलीं मुलें रोज सकाळीं साडेआठ वाजतां तो पाहून वहींत आंकडा लिहीत; सुट्टीच्या दिवशीं शिपाई लिही. पहिल्या वर्षांच्या पानांवर दसऱ्यापासून पुढें शून्याखालीं शून्य आहे. अलीकडच्या पानांवर तसें नाहीं. ती वही आतां तेथील विज्ञानाच्या बाई पुढें चालवितात, आणि भाद्रपद संपतां संपतां दोन-चार बागाईतदार शाळा सुटण्याच्या वेळीं येऊन ती चाळून जातात.